ध्रुवीय हिमातील जीवाणू : हजेरी आणि वहिवाट

दक्षिण ध्रुवावरचे हिम वितळवले असता त्याच्या एका मिलिलिटर पाण्यात दोनशेपासून पाच हजारांपर्यंत जीवाणू आढळतात, असे १९९९ आणि २००० या दोन वर्षांच्या जानेवारीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून अमेरिकन संशोधकांनी जाहीर केले, तेव्हा विद्वज्जनांत जी खळबळ उडाली ती या संख्येमुळे नव्हे. संख्या तशी क्षुल्लकच होती. समुद्राच्या पृष्ठभागावरील तेवढ्याच पाण्यात जीवाणूंची गणती दहा लाखांच्या घरात जाते, आणि शेतातल्या चिमूटभर मातीचा हिशेब तर कोटींखाली क्वचितच येतो. खळबळ उडाली ती त्याच लेखातील दुसऱ्या विधानामुळे : हे जंतू वाऱ्याबरोबर येऊन तेथे नुसते पडलेले नसून, शून्याखाली बारा ते सतरा अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही ते अत्यंत संथपणे का होईना, आपली प्रथिने आणि आपले डीएनए घडवीत आहेत, असे ते विधान होते. त्याला आज पाव शतक होऊन गेले. या अवधीत ध्रुवीय हिमातील सूक्ष्मजीवांवर जे लिहिले गेले त्याचा बराचसा भाग या एका विधानाच्या समर्थनार्थ, खंडनार्थ किंवा निदान त्याच्या छायेत लिहिला गेला असल्यामुळे, या सगळ्या प्रश्नाचा आढावा घेताना त्याच विधानाला मध्यवर्ती ठेवणे सोयीचे होईल.

वस्तुतः येथे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ हेच पुष्कळशा वादाचे मूळ आहे. हिमात जीवाणू आहेत काय, हा पहिला. आणि ते तेथे जगतात काय, हा दुसरा. एखाद्या शेतात मनुष्य उभा दिसला म्हणून तो त्या शेताचा कब्जेदार ठरत नाही. त्याने ते कसले, त्याचे उत्पन्न खाल्ले, पिढ्यान्‌पिढ्या ते वहिवाटले, याचा दाखला मागितला जातो, आणि तसा दाखला नसेल तर त्याची हजेरी कितीही निर्विवाद असली तरी तो वाटसरूच समजला जातो. ध्रुवीय हिमातील जीवाणूंची हजेरी शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली आहे. त्यांची वहिवाट काही ठिकाणी सिद्ध झाली आहे, काही ठिकाणी ती संभवनीय आहे, आणि ध्रुवाच्या ऐन माथ्यावर ती माझ्या मते अद्याप सिद्ध झालेली नाही.

हजेरीचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे, कारण त्यात वैद्यकाचे आणि भूगोलाचे एक मजेदार संगनमत दिसते. १८१८ साली कॅप्टन जॉन रॉस यांना ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर केप यॉर्कजवळ तांबडे हिम दिसले. त्याचा नमुना लंडनला आला, रॉबर्ट ब्राऊन आणि फ्रान्सिस बाउअर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांनी तो तपासला, आणि बाउअर यांनी तर तो बुरशीचा प्रकार म्हणून नोंदवला. तो रंग शैवालाचा होता हे पुढे निश्चित झाले. शैवाल म्हणजे जीवाणू नव्हे; परंतु हिम हे निर्जीवच असते या समजुतीला पहिला धक्का बसला तो येथे. जीवाणूंचा खरा शोध सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जेव्हा पाश्चर आणि कॉख यांच्या पद्धती शिकून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर दक्षिणेकडील मोहिमांच्या जहाजांवर नेमले जाऊ लागले. नॉर्देनशेल्ड यांच्या स्वीडिश मोहिमेत (१९०१ ते १९०४) एरिक एकेलॉफ होते, त्याच सुमाराच्या जर्मन मोहिमेत हान्स गाझर्ट होते, स्कॉटिश मोहिमेत हार्वे पिरी होते. ध्रुवप्रदेशातल्या छोट्या, निवडक आणि धडधाकट माणसांच्या तळावर डॉक्टराला रोगी फारसे मिळत नाहीत. हातात वेळ असतो, सामानात पोषकद्रव्याच्या नळ्या असतात, आणि मग तो हवा, माती, पेंग्विनची आतडी, समुद्राचे पाणी, जे सापडेल ते पेरून पाहू लागतो. एकेलॉफ यांना स्नो हिल बेटावरची माती जीवाणूंनी भरलेली आणि हवा मात्र जवळजवळ रिकामी आढळली.

हिम आणि बर्फ यांच्याकडे विशेष लक्ष पुरवले ते आर्चिबाल्ड मॅक्लीन यांनी. डग्लस मॉसन यांच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेचे (१९११ ते १९१४) ते वैद्य आणि जीवाणुशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा मुक्काम केप डेनिसन येथे, म्हणजे पृथ्वीवरील अत्यंत वादळी ठिकाणांपैकी एका ठिकाणी, होता. तेथल्या हिमातून आणि बर्फातून त्यांनी जीवाणू वाढवून दाखवले, ते वाऱ्याने आणले असावेत असा तर्क मांडला आणि १९१८ साली ‘नेचर’ साप्ताहिकात आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. हा मनुष्य पुढे अवघ्या चार वर्षांत क्षयाने, म्हणजे एका जीवाणूच्याच हातून, वारला. त्याच्यानंतर बर्ड यांच्या अमेरिकन मोहिमेतील नमुन्यांवर डार्लिंग आणि सायपल यांनी १९४१ साली निबंध लिहिला. एवढ्यावर हजेरीचे प्रकरण मिटल्यासारखे झाले, आणि पुढची पन्नास वर्षे हिमातील जीवाणू हा वाऱ्याने आणलेला केरकचरा आहे, त्यात अभ्यासण्यासारखे फारसे नाही, असाच सर्वसाधारण समज राहिला.

या समजाला आधारही होता. सजीवाला पाणी लागते, आणि ते द्रवरूप लागते, अन्न लागते, आणि दोन्ही मिळाल्यावरही त्याच्या शरीरातील रासायनिक व्यापार चालू राहतील इतपत ऊब लागते. शून्य अंशावरही जीवाणू वाढतात हे फोर्स्टर यांनी १८८७ सालीच माशांवरील जंतूंवरून दाखवले होते, आणि १९७५ साली रिचर्ड मोरिता यांनी शीतप्रिय जीवाणूंची जी व्याख्या घालून दिली (सर्वोत्तम वाढ पंधरा अंशांवर किंवा त्याखाली, कमाल मर्यादा वीस अंश, किमान शून्य किंवा त्याहून कमी) ती आजही प्रमाण मानली जाते. अशा जीवाणूंच्या पेशीपटलात असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असल्याने ते पटल थंडीत ताठरत नाही; त्यांचे विकर सैल बांधणीचे असल्यामुळे थोडक्या उष्णतेतही वळतात, वाकतात आणि काम करतात; काही जाती बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिने स्रवतात, काही पेशीभोवती चिकट बहुशर्करेचे वेष्टन विणतात, काही पेशीत ट्रेहॅलोजसारख्या शर्करा साठवून आतले पाणी गोठू देत नाहीत. साधनसामग्री अशी भरपूर आहे. परंतु साधनसामग्री असणे आणि ती एखाद्या विशिष्ट जागी कामास येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हिमाच्या बाबतीत जागेचा विचार सर्वांत आधी करावयास हवा होता, तो बहुधा सर्वांत शेवटी झाला.

कारण ‘ध्रुवीय हिम’ या एकाच नावाखाली आपण निदान तीन अगदी निरनिराळ्या वस्तू मोडतो. अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या आणि किनाऱ्याच्या पट्टीतले हिम उन्हाळ्यात वितळते, पुन्हा गोठते, त्याला समुद्राच्या तुषारांतून क्षार आणि पेंग्विनांच्या वसाहतींतून नायट्रोजन मिळतो. ते उन्हाळ्याचे काही आठवडे चक्क ओले असते. उत्तर ध्रुवप्रदेशातले, उदाहरणार्थ स्वालबार्डमधले, हिम हे ऋतूबरोबर येणारे व जाणारे आहे. त्याला युरोप आणि सैबेरियाकडून येणारी धूळ, काजळी व कारखान्यांचा धूर यांचा पुरवठा असतो आणि वसंतात त्याखालून पाणी झरते. आणि तिसरे, अंटार्क्टिकाच्या उंच पठारावरचे हिम : दक्षिण ध्रुवावर ते समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचीवर आहे, तेथील वार्षिक सरासरी तपमान शून्याखाली सुमारे ४९ अंश, सर्वांत नीच नोंद शून्याखाली ८२.८ अंश (२३ जून १९८२), आणि वर्षभरात पडणारे हिम वितळवले तर ते पाण्याच्या आठ सेंटिमीटरच्या आसपासच भरते. हे हिम कधीच वितळत नाही. वर्षाचे सहा महिने त्यावर सूर्य नाही, आणि उरलेले सहा महिने आहे तो अतिनील किरणांसह आहे. या तीन वस्तूंपैकी एकीवर मिळालेला पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा करण्याची चूक मोठमोठ्या परीक्षणलेखांतही वारंवार आढळते.

आता त्या मध्यवर्ती वादाकडे वळू. एडवर्ड कार्पेंटर, सेनजी लिन आणि डग्लस केपोन या तिघांनी २००० साली ‘अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पुराव्याचे तीन भाग होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या पेशी हा पहिला. हिमातून मिळवलेल्या डीएनएमधील रायबोझोमच्या जनुकांचा क्रम हा दुसरा. तो काही ज्ञात शीतप्रिय जीवाणूंशी जुळला, आणि त्यातला एक क्रम डायनोकॉकस या प्रजातीच्या अगदी जवळ आला. डायनोकॉकसची कीर्ती वाचकांना ठाऊक असेल : १९५६ साली ओरेगॉनमध्ये किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या डबाबंद मांसात जो जंतू तरीही जिवंत सापडला तोच हा. किरणोत्सर्ग सोसण्याची त्याची ताकद ही मुळात शुष्कता सोसण्याच्या ताकदीची उपज आहे असे पुढे सिद्ध झाले, आणि ध्रुवाचे पठार म्हणजे एक वाळवंटच असल्याने तेथे त्याच्या नातलगाचे सापडणे सयुक्तिकच होते. तिसरा भाग निर्णायक म्हणून पुढे केला गेला : किरणोत्सारी हायड्रोजनाची खूण लावलेले थायमिडीन आणि ल्युसीन हिमात मिसळून ते शून्याखाली १२ ते १७ अंशांवर ठेवले असता, ते अत्यल्प प्रमाणात पेशींच्या डीएनएत आणि प्रथिनांत गेलेले आढळले. अर्थात पेशी कामावर होत्या.

तीन वर्षांनी, २००३ साली, त्याच नियतकालिकात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्टीफन वॉरन आणि स्टीफन हडसन यांनी एक छोटे पत्र लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच या निष्कर्षावर ‘शंकास्पद’ असा शेरा मारला. ही मंडळी जीवशास्त्रज्ञ नव्हेत. हिम, ढग आणि त्यांवर पडणारा प्रकाश हा त्यांचा विषय. एका शास्त्राच्या माणसाने दुसऱ्या शास्त्राचा हिशेब तपासला म्हणजे किती उपयोग होतो, याचे हे पत्र उत्तम उदाहरण आहे. त्यांच्या आक्षेपाचे मर्म तपमानात होते, आणि ते आपल्यालाही पडताळून पाहता येते. दक्षिण ध्रुवावर १९५७ पासून अखंड तपमान नोंदले जाते. निबंध प्रसिद्ध झाला त्या वेळेपर्यंतचे तेथील हवेचे उच्चांकी तपमान होते शून्याखाली १३.६ अंश, आणि तेही एका डिसेंबरातल्या एका दिवसाचे. पुढे २०११ च्या नाताळात ते १२.३ पर्यंत चढले. जानेवारीची सरासरी शून्याखाली २८ अंशांच्या आसपास राहते. म्हणजे प्रयोगातील जीवाणूंना जी ‘स्थानिक’ थंडी दिली गेली तिचे वरचे टोक त्या स्थानाने तोवर कधी पाहिलेच नव्हते, आणि खालचे टोकही तेथे केवळ विरळ, अपवादात्मक दिवसांपुरते येते. एवढ्या उबेत जे घडले ते वर्षातील उरलेल्या काळात घडते असे मानण्यास आधार कोणता?

यात माझ्या मते आणखी एक अडचण आहे. खूण लावलेले द्रव्य हिमाला पोचवायचे म्हणजे ते द्रावणाच्या रूपाने पोचवावे लागते. आणि ज्या जागी द्रवरूप पाण्याचा अभाव हाच जगण्यातील मुख्य अडसर आहे तेथे परीक्षेसाठी म्हणून का होईना द्रावण ओतणे, म्हणजे ज्याची चौकशी करायची तीच गोष्ट चौकशीच्या ओघात पुरवणे होय. प्रयोगकर्त्यांचा यात काही अप्रामाणिकपणा नाही. त्या काळी दुसरी रीत हाताशी नव्हती, आणि आजही तितकी समाधानकारक रीत निघालेली नाही.

तथापि वॉरन-हडसन यांच्या पत्राने पठारावर जीवन अशक्य ठरवले, असेही कोणी समजू नये. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे ठरले’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात काही फार विलक्षण कामे झाली आहेत. बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक बफर्ड प्राइस यांनी २००० साली असे दाखवून दिले की, बर्फाचे तीन कण जेथे मिळतात त्या कडेला एक अतिसूक्ष्म शीर असते, आणि बर्फाच्या स्फटिकात न मावणारी आम्ले व क्षार त्या शिरेत ढकलली जाऊन तेथे इतके तीव्र द्रावण तयार होते की ते शून्याच्या खूप खालीही गोठत नाही. मिठाचे पाणी शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत द्रव राहते, आणि गंधकाम्लाचे द्रावण तर त्याहून कितीतरी खाली, सत्तरच्या आसपासपर्यंत टिकते. जीवाणू त्या शिरेत मावतो. त्याला पाणी, क्षार आणि थोडेफार कार्बनी अन्न तेथे मिळू शकते. जे स्फटिक आपल्या दृष्टीस घन आणि बधिर दिसतात त्यांच्यामधून अशा नहरांचे एक जाळे वाहते आहे, ही कल्पना या क्षेत्रातली मला सर्वांत मौलिक वाटते.

प्राइस आणि टॉड सॉवर्स यांनी २००४ साली त्याच विचाराला जमाखर्चाची जोड दिली. निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळ्या तपमानांत मोजलेले सूक्ष्मजीवांचे चयापचयाचे वेग त्यांनी एकत्र मांडले, तेव्हा त्यांचे तीन पट्टे पडले : वाढ आणि विभाजन करणाऱ्या पेशींचा, नुसते चालू राहणाऱ्या पण न वाढणाऱ्या पेशींचा, आणि केवळ तग धरणाऱ्या पेशींचा. दुसऱ्या पट्ट्याचा खर्च पहिल्याच्या सुमारे एक सहस्रांश, आणि तिसऱ्याचा सुमारे एक दशलक्षांश. या तिसऱ्या वर्गातील पेशी जे काही कमावते ते सगळे आपल्या डीएनएची आणि प्रथिनांची आपोआप होणारी झीज भरून काढण्यातच खर्ची पडते. शिल्लक काहीच राहत नाही, संततीचा तर प्रश्नच नाही. जिच्याखाली चयापचय पूर्ण थांबतो अशी एखादी निश्चित सीमारेषा त्यांना आढळली नाही. पठारावरच्या हिमात जर काही जिवंत असेल तर ते या तिसऱ्या वर्गातले असावे, असा माझा कयास आहे. आणि तसे असल्यास ‘जगणे’ या क्रियापदाचा आपला अर्थ थोडा ताणून घ्यावा लागेल.

येथे एक सावधगिरीची सूचना अस्थानी होणार नाही. कॅनडाच्या उत्तर ध्रुवप्रदेशातील कायम गोठलेल्या जमिनीतून मिळालेला प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस हा जीवाणू शून्याखाली पंधरा अंशांवरही विभाजन पावतो असे २०१३ साली दाखवण्यात आले. पूर्व अंटार्क्टिकाच्या उघड्या मातीतील जीवाणू हवेतला अत्यल्प हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून त्या ऊर्जेवर राहतात असे २०१७ साली सिद्ध झाले. दोन्ही शोध अव्वल दर्जाचे आहेत. पण पहिला खाऱ्या पोषकद्रव्यातला आहे आणि दुसरा मातीतला; हिमाच्या कैफियतीत त्यांना साक्षीदार म्हणून उभे करणाऱ्यांनी एवढा फरक लक्षात ठेवावा.

ध्रुवाचा माथा सोडून आपण खाली, ओलसर हिमाकडे आलो की चित्र झपाट्याने बदलते आणि वादाचे कारणच उरत नाही. स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड हे ७९ अक्षांशावरचे गाव (येथेच २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे) या संशोधनाची जणू राजधानी झाले आहे. तेथल्या हिमातील सूक्ष्मजीव नायट्रोजनच्या संयुगांची हवेशी देवाणघेवाण करतात, असे इटालियन-फ्रेंच गटाने २०१० मध्ये मांडले. त्यापूर्वी ही देवाणघेवाण केवळ सूर्यप्रकाशाने होणारी रासायनिक क्रिया समजली जात होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दक्षिणेकडील सिग्नी बेटावरचे आणि स्वालबार्डमधले जिवंत हिम निर्जंतुक केलेल्या हिमाशी ताडून पाहिले गेले, आणि मिथिल आयोडाइडसारखे वायू हिमातून किती निघतात किंवा त्यात किती शोषले जातात हे आतल्या जीवाणूंवर अवलंबून असल्याचे आढळले. हे वायू ओझोनच्या रसायनशास्त्रात ढवळाढवळ करणारे असल्याने या शोधाचे महत्त्व हिमापुरते सीमित नाही. शिवाय जुन्या बर्फाच्या गाभ्यांत अडकलेल्या वायूंवरून प्राचीन हवामानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही त्याची दखल घ्यावी असा त्याचा रोख आहे. दप्तरात ठेवलेल्या कागदावर वाळवी चालत असेल तर मजकूर वाचताना तिचा विचार केलाच पाहिजे.

पाऱ्याची हकिकतही अशीच उद्बोधक आहे. कॅनडाच्या अलर्ट येथील केंद्रावर १९९५ साली असे लक्षात आले की, दीर्घ रात्रीनंतर सूर्य उगवताच हवेतला पारा एकाएकी नाहीसा होतो. समुद्री बर्फावरून उठणाऱ्या ब्रोमीनमुळे तो ऑक्सिडीकृत होऊन हिमावर येऊन बसतो. मग हिमातल्या जीवाणूंना त्या विषाशी सामना करणे प्राप्त होते; आणि ग्रीनलंडच्या व स्वालबार्डच्या हिमातून असे जीवाणू मिळाले आहेत ज्यांच्याजवळ पाऱ्याच्या विषारी क्षारांना पुन्हा बाष्पशील धातुरूप पारा बनवून हवेत सोडणारे जनुक आहे. जे जंतू केवळ वाटसरू आहेत त्यांनी मुक्कामाच्या जागेवरील विषाची अशी व्यवस्था केली असती काय? हे जनुक त्यांनी अन्यत्र कमावून बरोबर आणले असण्याचा संभव उरतोच. पण हिमात पारा वाढला की त्या जनुकाला उपयोगी काम मिळते हे निर्विवाद आहे.

आता हे जंतू येतात कोठून? मुख्यतः समुद्राच्या फेसातून, उघड्या खडकावरील आणि मातीवरील धुळीतून आणि दूरच्या खंडांवरून. पूर्व अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फात दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाची धूळ सापडते, तेव्हा त्या धुळीवर बसून जीवाणूही आले असतील हे उघडच आहे. यात एक गमतीचा प्रकार असा की, काही जीवाणू हिमात पडतात एवढेच नव्हे, तर ते हिम पाडतातही. शुद्ध पाण्याचा थेंब ढगात शून्याखाली ३५-४० अंशांपर्यंत न गोठता राहू शकतो. पण स्यूडोमोनास सिरिंगी या वनस्पतींवर राहणाऱ्या जीवाणूच्या पृष्ठावरील एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना अशा रीतीने रचते की थेंब शून्याखाली दोन-तीन अंशांवरच गोठतो. माणसाने हे ओळखून या जीवाणूपासून कृत्रिम हिम पाडण्याचे द्रव्य बनवले आणि बर्फावरील खेळांची मैदाने सजवली. ब्रेंट क्रिस्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली निरनिराळ्या खंडांतील ताज्या हिमात अशी जैविक गोठणबीजे सर्वत्र असल्याचे दाखवले. अंटार्क्टिकाच्या हिमात ती होती, मात्र कमी. दूरच्या शेतातल्या पानावरला जंतू ढगात चढून आपणच गोठवलेल्या हिमाबरोबर खाली येतो, ही घटना कल्पिताहून अद्भुत आहे.

या सर्व संशोधनावर एका शंकेचे सावट कायम असते, ती म्हणजे दूषितीकरणाची. नमुन्यात पेशी इतक्या थोड्या असतात की संशोधकाचा हातमोजा, प्रयोगशाळेचे ‘शुद्ध’ पाणी आणि डीएनए काढण्याची रसायने यांतूनच नमुन्यापेक्षा अधिक जंतू निघण्याची धास्ती असते. रशियन केंद्रांभोवतालच्या अंटार्क्टिक हिमातून जी नावे नोंदली गेली त्यांत फ्लेव्होबॅक्टेरियम, जँथिनोबॅक्टेरियम यांबरोबर राल्स्टोनियाही आहे. आणि राल्स्टोनिया हा प्रयोगशाळांच्या पाण्यात घर करणारा प्रसिद्ध बिनबोलावता पाहुणा असल्याने, त्याचे नाव यादीत दिसले की वाचकाने भुवई उंचावणे हे योग्यच होय. अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील व्होस्तोक सरोवराचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. साबित अबिझोव्ह यांनी १९७० नंतरच्या दशकांत व्होस्तोकच्या खोल बर्फातून जीवाणू काढले, १९९९ साली सरोवराच्या वर गोठलेल्या बर्फात जीवाणू असल्याचे दोन निबंध एकाच वेळी ‘सायन्स’मध्ये आले, ५ फेब्रुवारी २०१२ रोजी रशियन छिद्र ३७६९ मीटरांवर सरोवराला भिडले, आणि पुढच्याच वर्षी अज्ञात जीवाणू सापडल्याची घोषणा होते न होते तोच, ते छिद्र भरण्यासाठी वापरलेल्या केरोसिनातले असल्याचा खुलासा त्याच गोटातून निघाला. याउलट जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन गटाने सुमारे ८०० मीटर बर्फाखालील व्हिलन्स सरोवर गरम, गाळलेल्या आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या पाण्याने छिद्र पाडून गाठले, आणि तेथे दर मिलिलिटरला लाखाहून अधिक पेशी मिळाल्या. त्यांवर विश्वास बसतो तो छिद्र पाडण्यातल्या या काटेकोरपणामुळे.

भारताचा या विषयाशी संबंध आला तो १९८१-८२ च्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेपासून. पहिले केंद्र ‘दक्षिण गंगोत्री’ हिमाखाली गाडले गेल्याने १९९० मध्ये सोडावे लागले. ‘मैत्री’ शिर्माकर मरूद्यानात उभे राहिले, आणि २०१२ पासून ‘भारती’ लार्समन टेकड्यांत आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने शिर्माकरच्या मातीतून स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकम आदी नव्या जातींचे वर्णन करून शीतप्रिय जीवाणूंच्या वर्गीकरणात मोलाची भर घातली. हिमाकडे मात्र आपण उशिरा वळलो, आणि त्या कामात गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था या दोहोंचा वाटा आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या हिमातील जीवाणूसमूहांचा आणि त्यांच्या अन्नाचा, म्हणजे हिमात विरघळलेल्या कार्बनी द्रव्यांचा, एकत्रित अभ्यास त्यांनी केला. हिमातला हा कार्बन अत्यल्प असला तरी अंटार्क्टिकाच्या अफाट विस्ताराने गुणला की तो किरकोळ राहत नाही. त्याचा किती अंश सूर्यप्रकाश फोडतो आणि किती जीवाणू पचवतात, हा प्रश्न जागतिक कार्बनच्या हिशेबात धरण्याजोगा आहे.

उन्हाळे जसजसे लांबत आहेत तसतसे कोरडे हिम ओले होत चालले आहे. २०२० साली ब्रिटिश संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून अंटार्क्टिका द्वीपकल्पावर हिरव्या शैवालाचे १६७९ पट्टे मोजले. त्या शैवालाच्या अंगाखांद्यावर जीवाणूंचे समूह वाढतात, आणि रंगीत हिम अधिक ऊन शोषून अधिक लवकर वितळते. वहिवाटीची सरहद्द अशा रीतीने किनाऱ्याकडून आत सरकण्याची चिन्हे आहेत. म्हणूनच पठारावरचे आजचे कोरडे हिम मोजून ठेवण्याची निकड आहे, कारण ते जर बदलले तर पूर्वी तेथे काय चालू होते हे सांगणारा कागद मागे उरणार नाही.

आतापर्यंतची बहुतेक सर्व मोजमापे उन्हाळ्यातली आहेत, कारण जहाजे आणि विमाने तेव्हाच जातात. परंतु ‘मैत्री’ आणि ‘भारती’ येथे आपल्या तुकड्या संपूर्ण हिवाळा काढतात. त्यांच्या तळापासून वाऱ्याच्या वरच्या दिशेला एक जागा राखून ठेवावी, तिच्यावर वाहन जाऊ देऊ नये (दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन केंद्राने स्वच्छ हवेसाठी असा पट्टा पूर्वीच राखला आहे), तेथील हिमाचे तपमान, वायू आणि पेशींची संख्या महिन्याच्या महिन्याला, हिम न वितळवता आणि त्यात काही न मिसळता जेवढी घेता येतील तेवढी घ्यावीत, आणि ही नोंदवही वर्षानुवर्षे चालू ठेवावी. या कामाला प्रचंड खर्चाची गरज नाही. वास्को आणि पुणे येथील संस्थांनी ते अंगावर घ्यावे, आणि जीवाणुशास्त्र शिकणाऱ्या मराठी तरुणांनी हिवाळी तुकडीसाठी अर्ज करावेत.